गच्चीवरचा चक्रव्यूह

माझ्या आजाराचं नाव लांबलचक आणि परदेशी होतं. डॉक्टरांनी ते दोनदा सांगितलं, पण आमच्या घरात कुणालाच ते धड म्हणता येईना. म्हणून सगळे त्याला नुसतं 'ते' म्हणायला लागले. 'ते' कुठवर आलं? 'ते' आज चढलं का? मी समोर पडलेली असायची आणि माझ्या उशाशी बसून माणसं त्याची चौकशी करायची.

हे लिहितेय ते अशांसाठी, ज्यांच्या पायात सकाळी मुंग्या आल्या आणि संध्याकाळपर्यंत गेल्या नाहीत. मला कुणाला घाबरवायचं नाही, पण खोटा धीरही द्यायचा नाही. मला भेटायला येणारा जो तो "काही होत नाही गं" म्हणायचा आणि मला त्याच्या तोंडावर पाण्याचं भांडं फेकावंसं वाटायचं. होतं. चांगलं होतं. त्यातून माणूस उठतंही, पण उठल्यावर सगळं पूर्वीसारखं होतं असं जे म्हणतात त्यांनी तो आजार नुसता लांबून पाहिलेला असतो.

मुंग्या

मुलुंड पूर्वेला आमची दोन खोल्यांची जागा, वरच्या मजल्यावर. त्याच्यावर थेट गच्ची. घरात मी, माझा नवरा वसंत, दुसरीत शिकणारी मंजिरी आणि सासूबाई. वसंत एका लहानशा कारखान्यात फिटर. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, ट्रंक कॉल जोडून देणारी. दिवसभर कानाला हेडफोन आणि बूड खुर्चीला, त्यामुळे पायाला मुंग्या आल्या त्यात मला काही विशेष वाटलं नाही. चप्पल घातली आहे की नाही ते पायाला कळेना, तेव्हाही मी हसले. मैत्रिणीला म्हटलं, "बघ यार, पाय माझ्याआधी रिटायर झाले."

घरी जिना चढताना कठडा धरला. शेवटच्या पायऱ्या हात टेकून चढले. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सुई मारली. दुसऱ्या दिवशी मोरीशी भांडी घासायला बसले ती उठलेच नाही. पाय दुखत नव्हते. ते तिथे होते, माझेच होते, पण उठ म्हटलं तर ऐकत नव्हते. मी हाक मारली तर सासूबाई आल्या, माझ्याकडे न बघता आधी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वसंताक बोलव. आता." बोलवायला कुणाला सांगत होत्या कोण जाणे, घरात तर आम्ही दोघीच होतो. त्या घाबरलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

बेचा पाढा

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी वसंतला बाहेर नेऊन सांगायला सुरुवात केली. मी आतून ओरडले, "पाय माझे आहेत, मला सांगा." ते परत आले. खालून वर चढतं, म्हणाले. बहुतेक वेळा कुठेतरी थांबतं, मग हळूहळू उतरतं.

"कुठे थांबतं?"

"ते सांगता येत नाही."

"आणि नाहीच थांबलं तर?"

त्यांनी माझ्या छातीकडे बघितलं आणि नजर खिडकीकडे वळवली. माझ्या निदानाचा दिवस तो असा. त्यांचा मला राग नाही. खोटं बोलायचं त्यांनी टाळलं.

पुढे रोज सकाळी ते यायचे, पाय उचला म्हणायचे, गुडघे दाबा, माझा हात ढकला. आणि शेवटी, एका श्वासात आकडे म्हणा. फुफ्फुसात किती जोर उरलाय ते त्यावरून कळतं. मला आकडे म्हणायचा कंटाळा यायचा. मंजिरीकडून नुकताच बेचा पाढा पाठ करून घेतला होता, तो म्हणायला लागले. पहिल्या दिवशी बे दाहे वीसपर्यंत ठणठणीत गेले आणि वर डॉक्टरांना म्हटलं, "तीनचा म्हणू?" ते हसले. चार दिवसांनी बे साते चौदाला धाप लागली. मग एका सकाळी बे पंचे दहावर आवाज संपला. या वेळी डॉक्टर हसले नाहीत.

त्याच दुपारी माझ्या खाटेशी एक यंत्र आणून ठेवलं. श्वास देण्याचं. वर हिरवं कापड टाकलेलं. "नुसतं असावं म्हणून," सिस्टर म्हणाली. मी दिवसभर त्या कापडाकडे बघत पडून राहायची. हात उचलेना, मान वळेना, पण डोळे शाबूत होते, आणि डोळ्यांसमोर तेवढंच होतं. वसंत यायचा, स्टुलावर बसायचा आणि त्या यंत्राकडे पाठ करायचा. मंजिरीला त्यानं कांदिवलीला बहिणीकडे नेऊन ठेवलं होतं. एकदा भेटायला आणली तर ती दारातच उभी राहिली आणि आत्याला म्हणाली, "घरी चल ना." घर म्हणजे कांदिवली. त्या दिवशी मी रडले, आणि डोळे पुसायला मला हात नव्हते.

बरं काय झालं तेही सांगते. सासूबाई रोज पेज आणायच्या, कोमट, मिठाचा खडा घातलेली, आणि चमच्यानं थेंब थेंब भरवायच्या. केस विंचरायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. मला तेव्हा त्या न बोलण्याएवढं गोड काही वाटलं नाही. आणि ते कापड कुणी काढलं नाही. बे पंचे दहावर 'ते' थांबलं. तिथेच घुटमळलं, आणि मग एका सकाळी मी बे सक बारा म्हटलं. सिस्टरनं यंत्र ढकलत नेलं. त्याच्या चाकांची कुरकुर मला अजून ऐकू येते.

वळता न येणारी बाई

नवरात्रात घरी आले, वसंत आणि शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून वर आणली. मंजिरीही कांदिवलीहून परत आली. दिवाळीपर्यंत काठी धरून उभी राहू लागले. सरळ चार पावलं टाकता यायची. वळायला गेलं की तोल जायचा. स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत जायचे आणि तिथेच अडकून बसायचे, मागे फिरता येईना म्हणून. वसंत हसून म्हणायचा, "आमचं इंजिन पुढेच जातं, रिव्हर्स गिअर नाही." तो हसला की मला बरं वाटायचं, आणि रागही यायचा.

एका दुपारी सासूबाईंनी मला हात धरून गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीसमोरची जागा त्यांनी गेरूनं सारवून लाल केली होती. कालवलेल्या चुन्याचं भांडं शेजारी. त्यांनी जमिनीवर मोठं अधिकचं चिन्ह काढलं, त्याच्या चारी कोनांत चार कंस, चार ठिपके. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वळसा जोडत, ओणव्यानं मागे मागे सरकत, एकात एक वाटोळ्या रेघा काढत गेल्या. शेवटी त्यातून एक वाट तयार झाली, खाली एकच तोंड असलेली.

"चक्रव्यूह," मी म्हटलं. मला माहीत होता. त्या कणकवलीकडच्या. गावात बाळंतपणात बाई अडली की त्यांच्या आईला बोलावणं यायचं. ती काशाच्या थाळीत कुंकवानं हाच चक्रव्यूह काढायची, अडलेल्या बाईचं बोट धरून तोंडापासून मधोमध न्यायची आणि त्याच वाटेनं परत बाहेर आणायची. मग थाळीत पाणी घालून ते कुंकवाचं पाणी तिला पाजायची. बाई सुटायची म्हणत. न सुटलेल्या बायकांबद्दल कुणी बोलत नसे.

"आई, मी काय बाळंतीण आहे?"

"अडललंस मां? मगे?" त्या म्हणाल्या. "सरळ चलतस, पण वळाक जमणा नाय. मगे वळाकच शिकाक व्हया. हंय सगळी वळणाच आसत."

मग नियम सांगितले. रेघ ओलांडायची नाही. आत कुणी असेल तर हाक मारायची नाही. मधोमध पोचलं की क्षणभर थांबायचं, आणि गेल्या वाटेनंच बाहेर यायचं. आणि माणूस आत असताना रेघ कुणी पुसायची नाही.

"पुसली तर?"

"पुसणाऱ्याच्या अंगार येता. आतल्याचा दुखणा."

हे त्यांनी मलाच नाही, सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, पोरं नाचून रेघा पुसतील म्हणून. पोरांनी गच्चीवर यायचंच सोडलं. वसंत मात्र भडकला. "सायन्सनं वाचवलं आणि आता हा आचरटपणा!" त्या मायलेकांचं दोन दिवस वाजलं. तिसऱ्या दिवशी मी काठी न धरता एक वळण घेतलं आणि वाद तिथेच मिटला.

आत

ज्यांनी कधी असं चालून पाहिलं नाही त्यांना वाटतं हा भूलभुलैया आहे. तसं नाही. यात चुकायला जागाच नाही. वाट एकच, फाटा नाही. कुठे जायचं ते ठरवावं लागत नाही, फक्त पुढचं पाऊल टाकायचं. आजारी माणसाला याचं किती सुख असतं ते आजारी माणसालाच कळेल, कारण बाकी सगळीकडे त्याला काहीतरी ठरवायला सांगत असतात.

पण वाट फसवी आहे. आत शिरलात की आधी ती तुम्हाला पार बाहेरच्या कडेला नेते. मग अचानक मध्याच्या इतकी जवळ आणते की हात लांबवला तर पोचेल, आणि तिथूनच पुन्हा दूर नेते. सुरुवातीला मी तिथे चिडून उभी राहायची. सासूबाई म्हणाल्या, चलताना देवाचा नाव घे. माझं देवाशी तेव्हा पटत नव्हतं. मी बेचा पाढा घेतला. एका पावलाला बे एके बे, पुढच्याला बे दुणे चार. बे पंचे दहा आलं की डोळ्यांसमोर ते यंत्र यायचं. तरी पुढचं म्हणायचं आणि पाऊल टाकायचं. काही आठवड्यांनी असं झालं की पाढा आपोआप चालायचा, पाय आपोआप चालायचे आणि मी कुठे आहे हेच मला कळायचं नाही. खालून कुकरच्या शिट्ट्या, कारखान्यांचे भोंगे ऐकू यायचे, पण ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावत असल्यासारखे. ध्यान म्हणतात ते हेच असेल तर मला ते पाढ्यानं मिळालं.

मात्र खरं सांगायचं तर मधोमध उभं राहायला मला कधी आवडलं नाही. चारी बाजूंना रेघा, आणि त्या गर्दीत बाहेरचं तोंड ओळखू यायचं नाही. अभिमन्यूला आत जाणं येत होतं, बाहेर येणं नाही, हे नेमकं तिथेच आठवायचं. मी मान वळवून सासूबाईंना शोधायची. त्या तोंडाशी पोतं अंथरून बसलेल्या असायच्या, टाकीला पाठ लावून, मी बाहेर येईपर्यंत. एकदाही जागच्या हलल्या नाहीत. फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हलल्या.

तोंड

बिल्डिंगमधल्या बायकांनी त्या वर्षी हळदीकुंकू गच्चीवर ठेवलं. मी बरी झाले म्हणून माझ्या मानाचं. मी काळी साडी नेसले होते. बायका जमेपर्यंत नेहमीची फेरी उरकावी म्हणून आत शिरले. सासूबाईंना कुणीतरी म्हणालं, तिळगुळाचा डबा खालीच राहिला. त्या उठून खाली गेल्या.

शेजारच्या दळवीवहिनींचा हात रांगोळीत बसलेला. दर दिवाळीला बिल्डिंगच्या स्पर्धेत पहिला नंबर. त्या वाट बघत बसल्या होत्या, हातात रांगोळीचा डबा होताच, समोर आमचा चक्रव्यूह. आणि त्याची बाहेरची रेघ एका ठिकाणी तुटलेली. रांगोळीची रेघ उघडी ठेवणं म्हणजे अर्धवट काम, हे कुठल्याही बाईला लहानपणापासून शिकवलेलं असतं. वहिनींनी एका सरळ रेघेत ते तोंड जोडून टाकलं. वर दोन्ही बाजूंना गोपद्मं काढली, शोभेला.

मी मधून परत येत होते. बे आठे सोळा, बे नवे अठरा. शेवटचं वळण घेतलं आणि समोर पांढरी रेघ.

मला आधी वाटलं मीच चुकले. मग कळलं, आणि त्याच क्षणी तळपायात मुंग्या आल्या. तशाच, पहिल्या दिवशीसारख्या. तिथून पोटऱ्यांत. मी काठी खालीच ठेवून आले होते.

"अगं ये ना ओलांडून," कुणीतरी म्हणालं. "काय होतंय!"

मी शिकलेली बाई आहे. सायन्सनं वाचवलं हे मला वसंतपेक्षा जास्त माहीत आहे. पण पाय उचलेना. तो भीतीनं उचलत नव्हता की 'ते' परत आलं होतं, हे मला त्या वेळी कळत नव्हतं आणि आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. दळवीवहिनींच्या लक्षात आलं. "अगो बाई, वाट लागली, मी बंद केलं की काय!" म्हणत त्या खाली वाकल्या, हात पुढे केला, आणि तो रेघेच्या वर तसाच थांबला. त्यांची दोन लहान पोरं मागे उभी होती. नियम सगळ्यांना ठाऊक होता. वहिनींनी हात मागे घेतला. मी त्यांना बोल लावत नाही. गच्चीभर काळ्या साड्या नेसलेल्या बायका, आणि एक पुढे येईना. मला रडू फुटलं, लहान मुलीसारखं, मोठ्यानं.

सासूबाई जिन्यातून वर आल्या. त्यांनी रेघ पाहिली, मला पाहिलं. डबा कठड्यावर ठेवला, खाली बसल्या आणि तळव्यानं ती रेघ पुसून टाकली. एक गोपद्मही गेलं. तळवा पदराला पुसला आणि हात पुढे करून म्हणाल्या, "ये."

मी आले. मुंग्या जिना उतरेपर्यंत होत्या, मग गेल्या. वर सासूबाई सगळ्यांना तिळगूळ वाटत होत्या.

उजवा हात

होळीनंतर एका सकाळी सासूबाईंच्या उजव्या हातातून कपबशी पडली. त्यांनी वाकून तुकडे उचलायला हात नेला आणि तो हात तिथपर्यंत पोचला नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब, मेंदूतला झटका, कधी तपासलंच नव्हतं तर काय होणार. मला ते पटलं. पटूनही माझी नजर त्या तळव्यावरून हलेना.

वसंत कधी तसलं काही मानणारा नव्हता. पण एकदा जेवताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू तेव्हा नुसती ओलांडून का नाही आलीस?" मी ताटावरून उठले. आमचं लग्न त्यातून टिकलं, पण ते वाक्य अजून आमच्या घरात आहे. त्यानं नंतर माफी मागितली तरी ते गेलं नाही.

आता मी भरवणारी होते. पेज, मिठाचा खडा, थेंब थेंब. मी मुकाट्यानं भरवायला शिकले होते. काशाची थाळी घेतली, तिच्यात कुंकवानं चक्रव्यूह काढला, आधी अधिकचं चिन्ह, मग कंस, मग ठिपके, आणि तोंड उघडं राहिलंय ना हे पुन्हा पुन्हा बघितलं. त्यांचं थंड बोट धरून रोज आत न्यायची आणि बाहेर आणायची. मनातल्या मनात बे एके बे. त्यांचे ओठ हलायचे, देवाचं नाव असेल. कधी त्यांना वाटेतच झोप लागायची. मग मी बोट तिथेच टेकवून, त्या जाग्या होईपर्यंत, पाठीला रग लागली तरी बसून राहायची.

बोटात जोर आला नाही. श्रावणात त्या गेल्या. त्या दिवशी सकाळी आम्ही मधोमधपर्यंतच पोचलो होतो.

पुढच्या वर्षी सोसायटीनं गच्चीवर डांबर घातलं. चक्रव्यूह त्याच्याखाली गेला. मला आता रेघा लागत नाहीत, पायांना वाट माहीत आहे. अजूनही एखाद्या सकाळी तळपाय बधिर वाटतात आणि मी खाटेच्या कडेला बसून वाट बघते, चढतंय का. चढत नाही. मग उठते.

तुम्ही आजारी असाल तर तुमच्यासाठीही कुणीतरी रेघ पुसेल. नंतर तुम्ही रात्रंदिवस विचार करत बसाल, माझं दुखणं त्या माणसाच्या अंगावर गेलं का. मी तो विचार एकटीनं करत बसले नाही. उन्हाळ्यातल्या एका दुपारी थाळी बाजूला ठेवून सरळ विचारलं, "आई, ते खरं होतं? पुसणाऱ्याच्या अंगावर येतं ते?"

त्यांची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. "माका काय म्हायत? माझ्या आवशीन सांगल्यान."

"म्हणजे तुम्हाला ते खरं वाटत होतं."

"व्हय तर."

"मग पुसलीत कशाला?"

एवढं साधं हिला कसं कळत नाही, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू रडत होतस."